धक्का

बावीस वर्षं फेरीवरून दोर फेकतोय मी
क्लाक्सविकच्या धक्क्यावर.
हानुस झेलतो. खुंट्याला दोन वेढे, एक आडवा.
बोलायची गरज पडत नाही आम्हाला,
म्हणून तर मी या कामात टिकलो.

डॉक्टर मार्युननं कागदावर दोन काठ काढले,
मधे एवढीशी फट. म्हणाली, हा सिनॅप्स.
अलीकडून न्युरेक्सिन हात पुढे करतं,
पलीकडून न्युरोलिगिन तो धरतं,
आणि त्या काठाच्या पोटात शँक नावाचं प्रोटीन
ओंडक्यांसारखं सगळं पेलून असतं.
निरोप जातो तो त्या फटीतून.
मी म्हटलं, म्हणजे धक्का.
हो, म्हणाली, पण एकेका पेशीला असे हजारो.

हाइनीच्या न्युरेक्सिनच्या जीनमधला
एक तुकडा नाही.
चुकलेला नाही, नाहीच.
हाइनी तेव्हा खिडकीशी, दोन्ही हातांनी कान दाबून.
हीटर घरघरत होता म्हणे,
आम्हाला ऐकूही येत नव्हता.
नऊ वर्षांचा आहे. मोजून अकरा शब्द,
त्यातली चार बेटांची नावं.

मग तिनं दुसरा कागद काढला. माझ्या रक्ताचा.
तोच तुकडा. तीच जागा.
तुम्हाला कधी काही—
नाही, म्हटलं मी, फार पटकन.

आणि आठवलं, आमच्या लग्नात साखळीचा नाच सुरू झाला,
सगळ्यांचे हात सगळ्यांच्या हातांत,
आणि मी बोटींच्या शेडमध्ये
जाळ्याची भोकं मोजत बसलेलो.
सोलरुन शोधत आली. काही बोलली नाही. शेजारी टेकली,
पांढऱ्या कपड्यांत, माशांच्या वासात.
चारशे बारा.

मार्युन सांगत होती: तुकडा नसला म्हणजे असंच होतं, असं नाही.
तुमच्यात तसं, त्याच्यात असं.
बाकी शेकडो जीन्स असतात,
आणि काही असं, ज्याला अजून नाव नाही.
औषध?
नाही.
ती खोटं बोलली नाही, याचं बरं वाटलं.

घरी सासू म्हणाली, आमच्याकडे नव्हतं बाई असलं कुणात.
सोलरुन बटाटे सोलत राहिली.
साल जरा जाड निघत होती.

शेवटच्या फेरीला हाइनी सोबत होता.
मी दोर फेकला. हानुसच्या बोटांना लागून
पाण्यात पडला. ओढला, पुन्हा फेकला;
वारा असला की चार-चारदा फेकावा लागतो,
त्यात विशेष काही नाही.
हाइनीनं एका कानावरचा हात काढला,
ओल्या दोराला एक बोट लावलं.
कालसॉय, म्हणाला.
मागे राहिलेल्या बेटाचं नाव.
दुसरा हात कानावरच होता.