डबल बेल

खोक्यावर बारीक अक्षरात होतं, लेकीनं फोनवर वाचून घेतलं:
वरचं कापड अकरा जुन्या बाटल्यांचं.
मी बूट आधी दाबून पाहिला, मग नाकाशी नेला.
बाटलीचा वास नाही. नव्या वहीचा येतो तसा काहीतरी.

साईज सहा. बायकांचा.
पुढं बोटांना जागा, मागं टाच आवळून धरलेली.
चोवीस वर्षं खात्याचे काळे बूट घातले,
पुरुषी मापातला सगळ्यात लहान जोड,
टाचेला पेपरची घडी.
सातारा ते महाबळेश्वर, मेढामार्गे, उभ्यानं.
वळण आलेलं डोळ्यांआधी गुडघ्याला कळायचं.

मार्चात अठ्ठावन्न पुरी झाली, बिल्ला जमा केला.
आता पहाटे सव्वापाचला समर्थ मंदिरापाशी नाडी बांधते
आणि यवतेश्वराच्या चढाला तोंड करून
मनातल्या मनात दोर ओढते.
टण टण.
चला.

पहिल्या दिवशी माझी मलाच लाज वाटली.
सलवारीखाली हे निळे-नारिंगी बूट!
दूधवाला म्हणाला, बाई, गाडी चुकली का काय?
म्हटलं, चुकतीय कशाला, मीच गाडी.
(खरं तर हे मला दुसऱ्या वळणावर सुचलं.
तेव्हा मी नुसतीच हसले होते.)

चढाला श्वास मोजू नये, जास्तच लागतो.
मी बाटल्या मोजते.
एक, मेढ्याला उतरलेल्या नव्या नवरीची,
घोटभरही न पिता खिडकीशी विसरलेली.
एक, केळघरच्या घाटात ओकलेल्या पोराची,
चूळ भरून झाल्यावरची.
एकीत पाणी नव्हतं. त्या माणसाला मी
भर उन्हात खाली उतरवला, बाटली वर राहिली.
दोन खिडकीतून गेल्या, मी ओरडेपर्यंत.
बाकीच्या शेवटच्या फेरीनंतर सीटखालून
काठीनं ओढून काढलेल्या, आणि मुजावर ड्रायव्हर
दारात उभे, राहू द्या हो मॅडम,
सकाळी झाडणारी येतीय.

झाडणारी म्हणजे हौसाबाई.
ती बाटलीचं बूच काढायची, आडवी टाकायची
आणि टाचेखाली अशी दाबायची
की सगळ्या स्टँडला ऐकू जावं.
पायात स्लिपर, एक पट्टा सुतळीचा.
तिच्या पोत्यातून भंगारवाला,
भंगारवाल्याकडून टेम्पो,
टेम्पो कुठं जातो मला ठाऊक नाही.
कुठं वितळतात, कुठं धागा होतो, कोण विणतं,
मधले सगळे थांबे मला ठाऊक नाहीत.
आणि मी जन्मभर थांब्यांचीच तिकिटं फाडली.

मागच्या सोमवारी बूट पिशवीत घालून
मुद्दाम स्टँडवर गेले.
हौसाबाईनं हातावर तोलला, उलटा केला, वाकवला.
"हलकं हाय. बाटलीच हाय की गं ही."
घालून बघ म्हटलं.
तिचा पाय आठचा, वर भेगा.
अंगठा गेला, बाकीची चार बोटं
गर्दीच्या गाडीत पायरीवर लटकावीत तशी बाहेर.
फलाट नंबर सहावर आम्ही दोघी
पदर तोंडात घालून हसत बसलो,
चौकशीच्या खिडकीतून साहेब बघतोय तरी.
मग तिनं बूट पदरानं पुसला, परत दिला,
आणि खराटा उचलला.
आठ नंबरचे कितीला असतात
हे मी अजून लेकीला विचारलेलं नाही.
विचारीन.

आज चौथ्या वळणावर दम तुटला.
कठड्याला धरून उभी राहिले.
खाली साताऱ्याचे दिवे, एकेक विझत चाललेले,
अजिंक्यताऱ्याची काळी पाठ.
मागून घरघर आली, बामणोलीची पहिली गाडी,
माझ्याच डेपोची, दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत.
बाजूला सरकले.
कंडक्टर पोरगी नवी आहे, दोनच वर्षं झाली,
बहुतेक इंगवल्यांची.
तिनं खिडकीतून आधी बूट पाहिले, मग मला.

गाडी थांबलेली नव्हती, सुटायचीही नव्हती.
तरी तिनं दोर ओढला.

टण टण.