शेरा

तुमसरच्या बायपासला, खताच्या दुकानामागे,
पत्र्याच्या शेडात आम्ही पॅनल बनवतो.
कोरं ड्रॉइंग मी नऊ वर्षांत
एकदाही काढलेलं नाही.
अड्याळच्या राइस मिलचं एक आहे, तेच उघडते,
नाव बदलून ठेवते: आसगाव, साकोली, गोबरवाही.
आज पालांदूर.

चौकोन, रेघा, रिले राहतात जागच्या जागी.
मी त्यांची नावं तेवढी बाहेर काढते
एक्सेलच्या तक्त्यात,
पंगत उठल्यावर किरायाची भांडी
मोजायला अंगणात मांडावी तशी.
चारशे बारा ओळी.
कुठली तार कुठून निघाली, कुठे टेकली,
किती जाडीची, कोणत्या रंगाची.
पानापानावर जाऊन खोडत बसले असते
तर धान निसवला असता तोवर.
इथे रकाना निवडायचा,
कोपरा चिमटीत धरून खाली ओढायचा,
आणि साडेसातच्या मोटारी दहाच्या होतात:
हलर, पॉलिशर, कोंड्याचा ब्लोअर,
कुरकुर न करता.

एकदा फसले होते.
एम-१ ला एम-२ कर म्हटलं
तर एम-१० निमूट झाली एम-२०,
एम-११ झाली एम-२१.
मिलमध्ये मोटारी होत्या बारा.
उरकुडा मेश्रामचा साइटवरून फोन:
"एकविसावी कुठं हाये वो मॅडम?
पोत्याखाली बी पायलं."
तेव्हापासून 'पूर्ण शब्द जुळला तरच'
ही खूण आधी करते,
मग एंटरवर बोट.

शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तो कुणी वाचत नाही. मीही नाही.
आज ओढता ओढता ओळ दोनशे सतरावर
डोळा अडकला.
आपत्कालीन थांबा. लाल बटण,
सात्याच्या टोपीसारखं फुगीर.
उंची जमिनीपासून नऊशे.
शेरा: डोमाच्या उंचीला.

जुन्या फायली उघडल्या.
आसगावला डोमा. साकोलीला डोमा.
चौदा मिलमध्ये डोमा,
आणि मी एकालाही विचारलं नव्हतं
हा कोण.

उरकुडा जेवत होता. घास गिळून म्हणाला,
"अड्याळचा आपरेटर होता थो.
पायानं अधू. पोत्यावर बसून मिल चालवे.
त्याचा हात पोचला पायजे म्हणून
मीच लिव्हलं थे, पेन्सिलनं.
गेला बाप्पा, पाच वर्स झाले."

म्हटलं, मग आता वर घेते,
सगळे लावतात तसं, बाराशेला.

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज.
"कायले हालवता?
उभा माणूस तं कुठंबी पोचते.
पट्ट्यात धोतर गुंतून पडला थो,
त्याचा हात कुठवर जाते, थे पाहा."

शेडमधला पंखा कुरकुरत होता.
बाहेर कुणीतरी युरियाचा भाव विचारत होतं.
मी खुर्चीवरून उठले,
कुणी बघत नाही असं पाहून
फरशीवर आडवी झाले
आणि एक हात वर केला.
मग टेप आणली.
साडेआठशे. ओढणी आवरून
पुन्हा मोजलं, थोडं जास्त भरलं.

'शोधा'च्या चौकटीत डोमा लिहिला.
'बदला'ची चौकट कोरी सोडली असती
तर तो पुसला गेला असता एका टिचकीत.
मी आकडा बदलला, साडेआठशे,
डोमा राहू दिला.
तक्ता परत ड्रॉइंगमध्ये ओतला.
रेघा क्षणभर थरथरल्यागत झाल्या,
मग नवी नावं घालून गप्प उभ्या राहिल्या.

पालांदूरचे शहारे शेठ प्रिंट घेऊन गेले.
संध्याकाळी त्यांचा फोन:
"मॅडम, पान सोळा. हा डोमा कोण?
आमच्याकडे तर या नावाचं कुणी नाही."
म्हटलं, थांबा, सांगते.
आणि वीज गेली.
फोन चालू होता.