रकाना क्रमांक सात

छापील फॉर्म सरहद्दीवरनं आमच्यासोबतच आला,
पत्र्याच्या ट्रंकेत, कार्बन पेपरसकट.
सोलापूरच्या अलीकडं, पिंपरवाडीच्या शाळेत
पाढ्यांच्या फळ्याखाली बसून
मी तो रोज रात्री भरतो.

रकाना चार : शत्रूचे अंतर.
पहिल्या दिवशी लिहिलं, सीना नदी, शाळेच्या पायरीपासून अकरा फूट.
मेजरसाहेबांनी लाल शाईनं खोडलं,
थोडा वेळ बाहेर बघितलं,
आणि तेच पुन्हा स्वतःच्या अक्षरात लिहिलं. नऊ फूट.

नऊ वर्षं आम्हाला शिकवलेलं :
रात्री आवाज नको, उजेड नको,
खोकला आला तर बाही चावायची.
तशीच गेली पहिली बोट,
वल्ह्यांना गोणपाट गुंडाळून, बिनबत्तीची,
आणि छपरावरनं दगड आला.
"कोण हाय बे? चोरी करायला ह्येच दिवस गावले का?"

मग हवालदार बसलिंगप्पा कोरे उठले.
पलटणीची ललकारी ओठावर आली असणार,
पण म्हातारीला उचलताना
ती कशी द्यायची?
अक्कलकोटकडचा माणूस, आईच्या बोलीत ओरडला :
"बंद्वी री, बंद्वी!"
आलो हो, आलो.

दुसऱ्या रात्री सगळ्या बोटींतून तेच.
रोहतकचा धरमवीर, गढवालचा नेगी,
अर्थ न विचारता, बॅटऱ्या ओवाळत, बंद्वी, बंद्वी,
आणि छपराछपरावर
चादरी हलायला लागल्या.

एकटा इनायत शिकलगार
अजून पत्रा वाजला की पालथा पडतो,
बोटीत, चिखलात, एकदा भाकरीच्या टोपल्यावर.
कुणी हसत नाही. टोपलं सरळ करतात.

रकाना सात : खर्च झालेला दारूगोळा.
दोरखंड, दोनशे मीटर.
क्लोरीनच्या गोळ्या, चौदाशे.
कडक भाकरी, मोजल्या नाहीत.
हवालदार कोरे यांचा घसा, एक.

मुख्यालयाचं पत्र आलंय :
घसा कोणत्या मापात धरला,
आणि जमा-खर्चात कुठं दाखवला,
आठ दिवसांत खुलासा करावा.

आज ट्रक सुटले.
कोऱ्यांना डॉक्टरनं बोलायची बंदी केलीय.
पाटी मागून घेऊन त्यांनी खडूनं लिहिलं :
बरंच झालं,
परवापासून तिकडं गप्पच राहायचंय.

पाटी शाळेची होती.
परत द्यायची राहिली.