तीन दिवसांची गाडी

शुक्रवार. रुवीतल्या दुकानांची शटरं अजून खाली.
जेवणाच्या टेबलावर इटली पसरली आहे,
ऑफिसच्या प्रिंटरवर चार तुकड्यांत छापलेली.
टाचेवर खजुराचा डबा, आल्प्सवर माझा चष्मा,
आणि एसीच्या झोतात सिसिली सारखी उडते.

विश्राम म्हणतो, रोमपासून गाडीच घेऊ.
सतरा वर्षं मस्कत-सोहार करतोय मी,
रोम ते फ्लॉरेन्स म्हणजे काय,
एक सोहार आणि वर थोडं.
तिथंही उजव्या बाजूनंच चालवतात.
एवढं बोलून तो चहा बशीत ओततो,
विषय संपल्यासारखा.

रोममध्ये गाडी म्हणजे गळ्यात लोढणं, मी म्हणते.
जुन्या गावांच्या वेशीवर कॅमेरे असतात,
चुकून आत शिरलात तर कुणी अडवत नाही, ओरडत नाही.
मिनेझिसबाईंना दंडाचं पत्र आलं आठ महिन्यांनी;
त्या इटली विसरल्या होत्या,
इटली त्यांना विसरली नव्हती.
आगगाडीनं फ्लॉरेन्स दीड तास.
आणि व्हेनिसला तुझी गाडी काय पोहत जाणार आहे?

शमू हसते. नऊ वर्षांची, जन्म इथला,
देशात जातो ते विमानानं गोव्याला, पुढे टॅक्सीनं कुडाळ.
तिनं आगगाडी पाहिली ती फाटकाशी थांबून,
डबे मोजता मोजता तेरावर चुकलेली.
ती विचारते, वळण आलं की स्टिअरिंग कोण फिरवतं?
कुणीच नाही, विश्राम म्हणतो. रूळच वळतात.
मग ड्रायव्हर काय करतो?
याला उत्तर सुचलं नाही की विश्राम
हातात असेल ते सरळ करू लागतो.
नकाशा सरळ करतो.

मग भांडत भांडत एकेक गाव सुटतं.
नेपल्सला मला फारसं बोलावं लागत नाही.
बोलोन्यासाठी तो उगाच अडतो.
सिएनाच्या खाली, डोंगरांत, मात्र माझं बोट थांबतं:
स्टेशन आहे, पण पायथ्याशी, गावापासून लांब,
आणि रविवारी बसचा भरवसा नाही.
इथं गाडी लागेल, मी म्हणते.
तो जिंकल्यासारखा पेनानं गोल करतो. तीन दिवस.
भाड्याच्या फॉर्मात आपलं नाव घालू लागतो,
दुसरा चालक नको, म्हणतो, रोजचे जादा पैसे घेतात.

माझ्या पर्समध्ये, रेसिडेंट कार्डच्या मागं,
आणखी एक कार्ड आहे.
पिंपांच्या मधून उलटी गाडी घालून मिळवलेलं;
एका ड्रमाला नुसता आरसा घासला
तर पुन्हा नवी तारीख.
चढाची परीक्षा पहिल्या फटक्यात,
रस्त्यावरची चौथ्या.
खलास, मब्रूक, म्हणाला होता पोलीस,
आणि मी घरी आले होते विश्रामच्या बाजूला बसून.

अकरा वर्षं बाजूलाच.
बाटलीचं झाकण उघडून देत,
एकशेवीसला गाडी टिणटिणली की हळू म्हणत,
बोर्ड वाचत, बरका, सुवैक, खाबूरा.
जाताना समुद्र उजव्या हाताला, माझ्या खिडकीत.
त्याच्या वाट्याला तो कधी आलाच नाही,
हे मला आत्ता सुचतंय,
राग येता येता.

लॅपटॉप मी माझ्याकडे ओढते.
त्याचं नाव खोडते, माझं घालते, पासपोर्टात आहे तसं पूर्ण.
चढ आहेत तिथं, तो म्हणतो.
चढ मी पहिल्या फटक्यात काढलाय.
गाडी गिअरची मिळते तिथं.
ड्रमांतून काढली ती काय ऑटोमॅटिक होती?

खाली कुणीतरी शटर वर ढकलतं.
बशीतला चहा निवला आहे.
तीन दिवस मी काय करू मग, तो विचारतो,
आणि शमू माझ्याकडे बघते, मी नकाशाकडे.

बऱ्याच वेळानं तो आल्प्सवरचा माझा चष्मा उचलून
स्वतःच्या नाकावर लावतो,
वाकून बारीक अक्षरांतलं एक नाव वाचतो.
मोंतेपुल... चुकतो.
पुन्हा वाचतो, जरा मोठ्यानं.