अकरा

झाडाच्या बुंध्यावर पांढऱ्या रंगात एकच आकडा असतो.
सात म्हणजे सतरा साली सोललं.
नऊ वर्षं आता त्याला कुऱ्हाड लावायची नाही.
कोरुशच्या रस्त्यावर बसच्या खिडकीतून
ही झाडं दिसतात, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत विटकरी,
आणि मी सवयीने वाचत जाते:
सात, चार, चार, शून्य.

मी आकड्यांवरच जगते.
बुचांचा कारखाना, मोजमाप विभाग, एक टेबल, एक खुर्ची.
दर तासाला पाच बुचं, त्यांचे व्यास,
कागदावर एक ठिपका.
वर एक रेघ, खाली एक रेघ,
मधल्या गल्लीत ठिपके आपले चालत असतात,
कुणी जरा डावीकडून, कुणी उजवीकडून,
बाजारातून परतणाऱ्या माणसांसारखे.

मार्चमध्ये लिस्बनहून दोघं आले,
पिवळी चिकटपट्टी आणि थांबघड्याळ घेऊन.
म्हणाले, अन्सेल्मू दिवसाला साडेतीन किलोमीटर चालतो
नुसती सुरीला धार लावायला.
धारेचा दगड त्याच्या हाताशी आणून बसवला.
हे मात्र खरंच बरं केलं.
चाळीस वर्षांत हे आम्हाला सुचलं नव्हतं.

मग ते मागच्या शेडमध्ये गेले.
उकळून काढलेली साल तिथे थप्प्यांनी पडून असते,
एकवीस दिवस.
का, असं त्यांनी विचारलं.
पडून असते, एवढंच आम्हाला सांगता आलं.
"इथे पैसा झोपलाय," धाकटा म्हणाला,
आणि एकवीसचे तीन झाले.

देओलिंदा एकतीस वर्षं साल निवडते, बोटाने ठोकून, कान लावून.
ती म्हणाली, उकळलेल्या सालीचा श्वास खाली बसू द्यावा लागतो.
हे लिहायला त्यांच्या तक्त्यात रकाना नव्हता.
मग तिने तोंडाला बूच लावून घेतलं.
आमच्याकडे बुचांना काय तोटा.

तिसऱ्या आठवड्यात माझे ठिपके घाबरले.
रेघेबाहेर एकही गेला नाही,
पण एकमेकांपासून दूर दूर बसायला लागले,
भांडण झालेल्या घरात बसतात तसे.
मी कागद घेऊन वर गेले.
म्हटलं, मला एक थप्पी द्या आणि तीन आठवडे.

देओलिंदाने खडूने प्रत्येक गठ्ठ्यावर आकडा घातला,
झाडावर घालतात तसा.
रोज एक गठ्ठा सोडायचा, पन्नास बुचं पाडायची, मोजायची.
पहिल्या दिवशी नुसता गोंधळ.
पाचव्या दिवशी जरा कमी.
मग एक दिवस ठिपके जवळ आले
आणि पुढे एकविसाव्यापर्यंत तसेच राहिले.
नववा दिवस निघाला असता तर गोष्ट झकास झाली असती.
अकरावा निघाला.

म्हणजे अकरा दिवस शेडमध्ये काम चालू होतं,
फक्त ते करणारं कुणी दिसत नव्हतं.
आणि दहा दिवस नुसती सवय होती.
लिस्बनच्या दोघांनी तीन खोडून अकरा लिहिले, मुकाट्याने.
देओलिंदा कागदाकडे बराच वेळ बघत राहिली.
"दहा दिवस मी उगाच राखण केली तर."
एकतीस वर्षांचा गुणाकार माझ्या डोक्यात सुरू झाला होता.
मी तो अर्ध्यावर सोडला.

शेड आता निम्मी रिकामी आहे.
तिथे ती दुपारचा डबा खाते, खडूचे आकडे अजून भिंतीला आहेत.

एवारिश्तु लक्झेंबर्गला गेला त्याला चौथं वर्ष.
दर रविवारी फोन, दर महिन्याला पैसे,
ठिपके सगळे रेघांच्या आत.
कितव्या दिवसापर्यंत माझी वाट काहीतरी घडवत होती
आणि कुठून पुढे मी नुसती थप्पीत पडून आहे,
हे शोधायचं तर गठ्ठा सोडून बघावा लागेल.

बस वळते.
सात, चार, शून्य.
एका झाडावरचा रंग उडालाय, वाचता येत नाही.