पोटात ठेवायची गोष्ट

सकाळी सव्वासातला त्या डबा घेऊन आल्या.
आइस्क्रीमचा रिकामा डबा, वर चिकटपट्टीचे चार वेढे,
सगळं येवल्याच्या पैठणीच्या दुकानाच्या पिशवीत.
"ताजंच आहे," म्हणाल्या, भाजी द्यावी तसं,
आणि लाजून काचेपलीकडचा गंगापूर रोड बघत राहिल्या.

मी वजन केलं. एकशे चौदा ग्रॅम.
वेळ लिहिली, क्रमांक लिहिला. नाव लिहायचं नसतं.
इथे म्हणू इंदुमतीबाई.
आणि त्यांच्या भावजयीला दमयंती.

दमयंती सातपूरच्या कंपनीत कॉइल गुंडाळते.
सात वर्षं मोठ्या आतड्याला सूज, सात वर्षं रक्त.
कुणाच्याही लग्नात आधी संडास कुठे ते बघायचं,
नवरी मग.
गोळ्या झाल्या, स्टिरॉइड झालं,
चेहरा पुरीसारखा फुगून पुन्हा बसला.
शेवटी आमचा अभ्यास: निरोगी माणसाचे जंतू
हिच्या आतड्यात सोडून बघायचे.
विरजणासारखं. लागलं तर लागलं.

दाता शोधताना घरचे एकेक गळाले.
भावानं गेल्याच महिन्यात अँटिबायोटिक खाल्लेलं.
नवऱ्याच्या तपासणीत जंत निघाले,
तो दोन दिवस नीट जेवला नाही.
पास झाली एकटी नणंद,
जिच्याशी सिन्नरच्या दोन गुंठ्यांवरून
अकरा वर्षं बोलणं बंद.
"देते की," नणंद म्हणाली. "नाहीतरी रोज वायाच जातं."
तेव्हा बाकावर दोघी पोट धरून हसल्या.
एकीनं खरंच धरलं होतं.

आता जे सांगायचं नाही ते.
या अभ्यासात नाणेफेक संगणक करतो.
डबे दोघींकडून घेतो आम्ही, पण
अर्ध्या रोग्यांना दात्याचं जातं,
अर्ध्यांना त्यांचंच त्यांना परत.
रंग तोच, वास तोच, सिरिंजा तेवढ्याच.
डॉक्टर हांडोरेंना माहीत नसतं, रोग्याला माहीत नसतं.
गाळणीपाशी उभी असते तिला माहीत असतं.

मी मिठाच्या पाण्यात घोटलं, तीनदा गाळलं.
दमयंतीच्या चिठ्ठीवर होतं: स्वतःचं.

पडद्यावर तिचं आतडं, लाल, ओलं, सोललेलं.
दुर्बीण वळणं घेत पुढे, आणि नवा प्रोग्रॅम
संशयाच्या जागी हिरव्या चौकटी काढतोय,
नवख्या मास्तरासारखा, गरजेपेक्षा जास्त.
डॉक्टरांनी हात पुढे केला.
मी सिरिंज दिली. हात हलला नाही माझा.

आठव्या आठवड्यात लिफ्टपाशी भेटली.
रक्त थांबलंय. वजन तीन किलो वर.
"ताई, खोटं वाटेल, मला कारली आवडायला लागलीत.
आमच्या वन्संना आवडतात तशी, गूळ न घालता.
परवा गेले त्यांच्याकडे. एका ताटात जेवलो.
आतड्याचं नातं म्हणतात, ते हेच ना?"

मी म्हटलं, जमेल तेव्हा जिना चढत जा.

होतं असं. कुणाला आपोआप उतार पडतो,
कुणाला भरवशानं, कुणाला कशानं ते कळत नाही.
आमच्या तक्त्यात त्याला रकाना आहे.
डिसेंबरात पाकिटं उघडतील, तिला पत्र जाईल.
तोवर कारली अंगवळणी पडलेली असतील,
किंवा ते दोन गुंठे पुन्हा मधे येतील.
मला काय ठाऊक.

इंदुमतीबाईंचं जे आलं होतं
ते उणे ऐंशीवर आहे, न वापरलेलं.
घरी विचारतात, आज काय विशेष?
काही नाही म्हणते, आणि ग्लासभर ताक पिते.

त्यांनी डबा मात्र दोनदा मागितला.
तो जैव कचऱ्यात जातो, नियम आहे.
मी कॉलेज रोडवरून झाकणाचा नवीन आणला.
पापड भरायला बरा पडेल, म्हणाल्या.