वस्तीची गाडी

गावाचं नाव : नांदखोल.
घरं एकशे अठरा, पैकी त्रेचाळीस कुलूपबंद.
कुलपांना रकाना नाही.
समासात पेन्सिलीने लिहून ठेवलंय.

माणसं दोनशे सहासष्ट.
बायका एकशे सत्तावन्न. उरलेले पुरुष म्हणजे
शाळेतले, नाहीतर पेजेवरचे.
मधल्या वयाचे दर्यावर, दोहाला, भांडुपला.
जैनब सोलकर म्हणाली, नवरा लिव बाई, येतो तो.
कधी, असं विचारल्यावर
तिने तिसऱ्यांची वाटी पुढे सरकवली.

धाकटू गोताडांना जन्मसाल विचारलं.
म्हणाले, होडी बुडाली त्याच्या आदल्या शिमग्याचा मी.
कुठली होडी हे ओटीवर सगळ्यांना ठाऊक,
साल कुठलं यावर मात्र दोन तट पडले
आणि त्यातला एक तट रागावून घरी गेला.
मी ऐंशी लिहिलं.

पान उलटलं. दळणवळण.

पक्का रस्ता : आहे.
सड्यावरून, वरच्या वाडीपर्यंत.
तिथून खाली पाखाडी, दोनशे बारा पायऱ्या,
गॅसचा सिलिंडर आणि अडलेली बाळंतीण
दोन्ही माणसाच्या खांद्यावरून चढतात.

रिक्षा : एक. यशवंत पावशांची.
सध्या तीत कोंबडी अंड्यांवर बसलीय.

जलमार्ग : हसनमियांची तर.
पलीकडून हाक आली की निघते, भाडं दहा रुपये,
शाळेची पोरं फुकट.
मयताला गेलेल्यांकडून परतीचे घेत नाहीत.
पूल मंजूर आहे. त्याचे दोन खांब खाडीत उभे,
वर पाणकावळे पंख वाळवतात.

रेल्वे : नाही.
'नाही'तला काना काढत होते
तेवढ्यात भागीरथीबाईंच्या फडताळातली भांडी किणकिणली.
पाच पंचवीसची, त्या म्हणाल्या, आज वेळेत हाय.
बोगदा आमच्या डोंगराच्या पोटातून जातो.
चहाचे कप, उशा, पत्ते कुटणारी माणसं,
अख्खे डबेच्या डबे आमच्या चुलींखालून जातात रोज
आणि वर गाव आहे हे त्यांच्या गावीही नसतं.
जवळच्या स्टेशनचं अंतर : सव्वीस किलोमीटर.
उभं अंतर कुणी विचारत नाही.

बस : आहे. एकच.
रात्री पावणेनऊला येते, पहाटे साडेपाचला सुटते.
आम्ही तिला वस्तीची गाडी म्हणतो.

शेवटच्या रात्री बेघर मोजायचे असतात.
नांदखोलात बेघर नाहीत, बेमाणूस घरं आहेत,
तरी नियम म्हणून बॅटरी घेऊन निघाले.
वरच्या वाडीत फणसाखाली गाडी उभी.
आत बाकावर मच्छरदाणी बांधलेली,
मुळीक ड्रायव्हर घोरत होते,
गित्ते कंडक्टर तिकिटांचा हिशेब लावत होता.

तुमची मोजणी?
झाली असंल परळीला. आईनं सांगितलं असंल.
मग जरा थांबून म्हणाला,
पण महिन्याच्या सव्वीस राती मी हितंच असतो, मॅडम.
तुमचे किती भरले?
दोनशे सहासष्ट, मी म्हटलं.
पासष्ट, तो म्हणाला. गोरिवले म्हातारे दुपारी गेले.
डेपोत फोन आला तेव्हा कळलं.
मंगळवारचे डायलिसिसवाले. खिडकीची तीन नंबर त्यांची.
उद्या ती शीट मोकळी जाईल.

मी बॅटरी तोंडात धरून आकडा खोडला.
सहाचा पाच करताना कागद जरा फाटला.
मग समासात, कुलपांच्या खाली,
पेन्सिल सापडेना म्हणून पेननेच लिहिलं :
गित्ते. मुळीक.

पहाटे पाखाडीवर पावलं वाजायला लागली,
मासळीच्या टोपल्या, कुणाचा खोकला,
कुणीतरी पोराच्या पाठीत धपाटा घालून त्याला जागं ठेवत होतं.
साडेपाच झाले, वर इंजिन घुरघुरलं.
गाडी सुटली नाही.
दोनदा हॉर्न वाजला.
पायऱ्यांवर अजून कुणीतरी होतं.